पाच धावांचा हिशोब

ज्यांना क्रिकेटमध्ये अजिबात रस नाही त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल, असं सुरुवातीलाच लिहिणार होतो. मग लक्षात आलं की नेमकं त्यांनीच वाचायला हवंय. विशेषतः आमच्या नातेवाईक मंडळींनी. शेवटी त्यांच्यासाठी एक छोटीशी विनंती आहे. पण थेट शेवटावर उडी मारायची नाही, आधी मॅच बघायची :)

तर मॅच अशी. १४ सप्टेंबर २०१९, कोलंबोचं प्रेमदासा स्टेडियम, एकोणीस वर्षांखालच्या मुलांच्या आशिया कपची फायनल. भारत विरुद्ध बांगलादेश. सप्टेंबरातलं कोलंबो म्हणजे पावसाचा काही नेम नाही. दोन्ही सेमीफायनल पावसानेच धुऊन नेल्या होत्या आणि आपापल्या गटात पहिले म्हणून हे दोन संघ फायनलला आले होते.

भारत १०६ ऑल आउट, ३२.४ षटकांत. बांगलादेश १०१ ऑल आउट, ३३ षटकांत. भारत ५ धावांनी विजयी. संपलं.

पन्नास-पन्नास षटकांची मॅच, म्हणजे एकूण शंभर षटकं. त्यातली पासष्ट आणि वर चार चेंडू एवढीच टाकली गेली. दोघांच्या मिळून धावा २०७. आजकाल ट्वेंटी-ट्वेंटीमध्ये एकच संघ एवढ्या धावा काढतो आणि तरी हरतो. पण मला विचाराल तर त्या २०७ धावांमध्ये जेवढी मॅच होती तेवढी चारशे-चारशेच्या मॅचमध्ये क्वचित असते.

आता हे मी का सांगतोय? तर मला लहानपणापासून अशा रडक्या स्कोअरच्या मॅचचं वेड आहे. त्याला कारण आहे कांगा लीग.

मुंबईबाहेरच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. डॉ. कांगा यांच्या नावाने १९४८ साली सुरू झालेली ही स्पर्धा भर पावसाळ्यात खेळली जाते. जगात सगळीकडे पाऊस आला की क्रिकेट बंद होतं, आमच्याकडे पाऊस आला की ते सुरू होतं! ए पासून जी पर्यंत डिव्हिजन. माझा मोठा भाऊ अशाच एका खालच्या डिव्हिजनच्या क्लबकडून खेळायचा. मला खेळता फारसं यायचं नाही, पण अक्षर बरं होतं. त्यामुळे तेरा-चौदा वर्षांचा असल्यापासून रविवारी सकाळी त्याची किटबॅग अर्धी ओढत, अर्धी उचलत मैदानावर जायचं आणि तंबूत बसून स्कोअरबुक लिहायचं, हे माझं काम. मोबदला म्हणजे एक वडापाव आणि चहा. मॅच जिंकली तर दोन वडापाव.

कांगा लीगची विकेट म्हणजे काय प्रकरण असतं ते स्कोअररला सगळ्यांत चांगलं कळतं, कारण त्याला प्रत्येक चेंडू लिहावा लागतो. रात्रभर पाऊस, सकाळी उघडीप. वरचा पापुद्रा उन्हाने सुकायला लागतो आणि खालची माती ओलीच असते. मग एक चेंडू टप्पा पडून थांबतो, बॅट आधीच फिरून जाते आणि कॅच हवेत. पुढचा चेंडू त्याच जागी पडून छातीपर्यंत उडतो. त्याच्या पुढचा सरपटत घोट्यावर. बोलरला स्वतःलाही माहीत नसतं की काय होणार आहे. बरं, कसाबसा फटका बसलाच तर मैदानावर गुडघाभर गवत आणि चिखल. इतर ठिकाणी चौकार गेला असता तो चेंडू तीस यार्डांवर जाऊन रुतून बसतो. एक धाव. फार तर दोन. चौकार हवा असेल तर उचलूनच मारायचा, आणि उचलला की झेल.

अशा विकेटवर ६० धावा म्हणजे बरा स्कोअर. ८० म्हणजे मॅच जिंकलीच. तिथे १७ धावा काढून परत येणाऱ्या माणसाला तंबूतले सगळे उभं राहून टाळ्या वाजवायचे. स्कोअरबुकात मी ठिपक्यांमागून ठिपके देत असायचो. षटकात एकही धाव नाही निघाली की सहा ठिपके जोडून त्याचा इंग्रजी एम करायचा. कधी कधी एका पानावर एमच्या डोंगररांगा तयार व्हायच्या, अगदी मुलांच्या चित्रकलेच्या वहीतल्यासारख्या. त्या डोंगरांच्या मध्ये एखादा आकडा दिसला की तो किती महाग आहे ते तेव्हा मला कळायचं.

याच मुंबईत दुसरीकडे आकड्यांची वेगळीच दुनिया आहे. शालेय क्रिकेट म्हटलं की आपल्याला आठवतं ते १९८८ सालचं, हॅरिस शिल्डमधलं, आझाद मैदानावरचं. सचिन आणि कांबळीची ६६४ धावांची भागीदारी. किंवा २०१३ मधले पृथ्वी शॉचे ५४६. किंवा जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला प्रणव धनावडेने काढलेल्या नाबाद १००९. अचाट आहेत हे आकडे, त्यांचं कौतुक आहेच. पण त्या १००९ च्या मॅचमध्ये समोरची मुलं ३१ आणि ५२ वर ऑल आउट झाली होती. त्या ३१ मध्ये एखाद्या पोराने ७ काढल्या असतील तर त्या कशा काढल्या हे कुणी विचारलं असेल का? आकडा मोठा असला की बाकीचं सगळं त्याच्या सावलीत जातं. आमच्याकडे मुलगा खेळून घरी आला की चप्पल काढायच्या आत पहिला प्रश्न येतो, "किती काढल्या?" या प्रश्नाकडे पुन्हा येणारच आहे.

परत कोलंबोला जाऊ.

भारताचे पहिले ३ गडी ८ धावांवर गेले. अर्जुन आझाद ०, तिलक वर्मा २, आपल्या मुंबईचा सुवेद पारकर ४. गंमत बघा, एकाच आठवड्यापूर्वी, ७ सप्टेंबरला, याच स्पर्धेत पाकिस्तानविरुद्ध अर्जुन आझादने १२१ आणि तिलक वर्माने ११० धावा केल्या होत्या. भारताच्या ३०५ झाल्या होत्या त्या दिवशी. मुलं तीच, बॅटीही त्याच असतील. आठवड्यात कुणी बॅटिंग विसरत नाही. पण फायनलला दोघांच्या मिळून २.

मग कर्णधार ध्रुव जुरेलने ३३ आणि शाश्वत रावतने १९ करत थोडं सावरलं. ते गेल्यावर पुन्हा घसरगुंडी. बांगलादेशच्या मृत्युंजय चौधरीने ३ घेतल्या, शमीम हुसेनने फक्त ८ धावा देऊन ३. शेवटी बंगालच्या करण लालने तळाच्या मुलांना घेऊन ३७ काढल्या आणि भारत शंभराच्या पुढे सरकला. ३७! त्या अख्ख्या मॅचमधला सगळ्यांत मोठा स्कोअर तोच. रोजच्या मॅचमध्ये ३७ म्हणजे "सेट झाला होता, चुकीचा फटका मारून गेला" असं आपण सोफ्यावर बसून म्हणतो. इथे त्यातल्या सहा धावा जरी कमी पडल्या असत्या आणि बाकी सगळं तसंच घडलं असतं, तर कप दुसऱ्यांच्या हातात गेला असता.

१०७ चं लक्ष्य. आकाश सिंगने वरच्या फळीला हादरे दिले, त्याच्या पाच षटकांत १२ धावा आणि ३ गडी. आणि मग आला आपला अथर्व अंकोलेकर. मुंबईचा डावखुरा फिरकी बोलर, अठरा वर्षांचा. कर्णधार अकबर अली (२३) आणि मृत्युंजय (२१) यांनी मॅच जवळजवळ बांगलादेशकडे नेली होती. ते दोघं गेले आणि ७८ वर ८ गडी झाले. म्हटलं, जिंकलो!

पण नाही. नवव्या आणि दहाव्या क्रमांकाची पोरं, तन्झीम हसन साकीब आणि रकीबुल हसन, चिकटून बसली. तन्झीम वेगवान बोलर, रकीबुल अथर्वसारखाच डावखुरा फिरकीवाला. बॅटिंग हे दोघांचंही काम नव्हे. एक एक करत त्यांनी २३ धावा जोडल्या. ७८ चे १०१ झाले. आता सहा हव्यात आणि हातात दोन विकेट.

अथर्वने एकाच षटकात दोन्ही काढल्या. आधी तन्झीम, मग अकराव्या नंबरचा शाहीन आलम. १०१ वर नऊ, १०१ वर दहा. अथर्वचे आकडे ८ षटकं, २ निर्धाव, २८ धावा, ५ बळी.

आता स्कोअररची जुनी खोड म्हणून या पाच धावांचा हिशोब मांडतो. अथर्वची २ षटकं निर्धाव, आकाशची २ निर्धाव. ही चार षटकं म्हणजे चोवीस चेंडू, चोवीस ठिपके. त्या प्रत्येक षटकात एकेक धाव चोरली गेली असती, तर ५ चा फरक १ वर आला असता. म्हणजे विकेट घेणाऱ्या चेंडूंइतकाच तो मुकाट ठिपक्यांचाही विजय आहे. टीव्हीवरच्या हायलाइट्समध्ये ठिपके दाखवत नाहीत. त्यासाठी स्कोअरबुकच उघडावं लागतं.

"आयुष्य म्हणजे सुद्धा एक अवघड खेळपट्टीच" वगैरे वाक्य मी लिहिणार नाही, घाबरू नका. तशी वाक्यं रोज सकाळी सूर्योदयाच्या फोटोवर छापून तुम्हाला मोबाइलवर येतातच. पण अथर्वबद्दल एक गोष्ट मात्र सांगायला हवी. त्याचे वडील बेस्टमध्ये होते, तो लहान असतानाच ते गेले. नंतर आईला बेस्टमध्ये नोकरी मिळाली आणि ती बसमध्ये कंडक्टर झाली. मॅचनंतर पेपरांत हे सगळीकडे आलं होतं.

मुंबईकरांना आठवत असेल, २०१९ च्या जुलैमध्येच बेस्टने साध्या बसचं कमीत कमी तिकीट ५ रुपयांवर आणलं होतं. (मे २०२५ मध्ये ते १० झालं.) पाच रुपयांत पाच किलोमीटर. म्हणजे त्या सप्टेंबरात मुंबईतले सगळे कंडक्टर दिवसभर, गर्दीत एका खांबाला टेकून, पाच-पाच रुपयेच गोळा करत होते. सुट्टे द्या, पुढे चला, पाच द्या. मला ही जुळवाजुळव फार आवडली होती. उगाच ओढूनताणून अर्थ काढायचा नाही, पण ज्या घरात पाचाची नाणी मोजून दिवसाचा हिशोब लागतो, त्या घरातल्या मुलाला पाच म्हणजे "अवघे" वाटत नसणार, एवढं तरी मी म्हणू शकतो.

हा झाला जिंकलेल्यांचा हिशोब. पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात जो राहिला तो दुसराच एक मुलगा.

रकीबुल हसन, नाबाद ११.

दहावा गडी बाद झाला तेव्हा हा समोरच्या टोकाला उभा होता. नॉन-स्ट्रायकर. आउट झाला नाही. त्याच्याकडून काही चुकलं नाही. जे काम त्याचं नव्हतं तेही त्याने केलं. आणि तरी सहा धावा कमी पडल्या आणि तो बॅट हातात घेऊन, समोरच्यांचा जल्लोष बघत उभा. स्कोअरबुकात त्याच्या नावापुढे "नाबाद" लिहितात. हरलेल्या मॅचमधला नाबाद हा मला फार विचित्र शब्द वाटतो. बाद न झाल्याची शिक्षा अशी की हरताना मैदानातच उभं राहायचं.

पण गोष्ट तिथे संपली नाही. पाचच महिन्यांनी, ९ फेब्रुवारी २०२० ला, दक्षिण आफ्रिकेत पॉचेफस्ट्रूमला याच वयोगटाच्या वर्ल्ड कपची फायनल. पुन्हा भारत आणि बांगलादेश! दोन्हीकडे बरीचशी तीच मुलं, अथर्वसुद्धा होता. भारताकडून यशस्वी जयस्वालने ८८ केल्या, पण ३ बाद १५६ वरून डाव १७७ वर आटोपला. मग रवी बिश्नोईने ४ विकेट घेतल्या आणि बांगलादेश अडचणीत आलं. १४३ वर ७ गडी. मैदानात कोण, तर कर्णधार अकबर अली. आणि समोरून चालत आला रकीबुल हसन.

मध्ये पाऊस आला, लक्ष्य बदलून १७० झालं. अकबर अलीने ७७ चेंडूंत नाबाद ४३ केल्या. रकीबुलने २५ चेंडूंत नाबाद ९. पंचवीस चेंडू, नऊ धावा! त्या दोघांनी २७ धावांची भागीदारी केली आणि विजयाची धाव रकीबुलच्या बॅटमधून निघाली. बांगलादेशचा क्रिकेटमधला पहिला वर्ल्ड कप, कुठल्याही वयोगटातला. मॅचनंतर मैदानावर दोन्हीकडच्या मुलांची धक्काबुक्की झाली, पाच जणांवर कारवाई झाली, बातम्या त्याच्याच जास्त झाल्या. ते वाईटच झालं. पण भारत हरल्याचं दुःख असतानाही मला कुठेतरी बरं वाटलं हे खोटं कशाला बोलू? कोलंबोत समोरच्या टोकाला उभ्या राहिलेल्या पोराला या वेळी स्ट्राइक मिळाली होती.

बाकीच्यांचंही बघा. सुवेद पारकर, कोलंबोतल्या ४ धावांवाला. जून २०२२ मध्ये त्याने मुंबईकडून रणजी पदार्पणातच २५२ धावा केल्या आणि मुंबईने ती मॅच ७२५ धावांनी जिंकली. कुठे ५ आणि कुठे ७२५! ध्रुव जुरेलने फेब्रुवारी २०२४ मध्ये रांचीला, चेंडू कधी बसणार कळत नाही अशा विकेटवर, इंग्लंडविरुद्ध ९० आणि नाबाद ३९ करून कसोटी जिंकून दिली. तिलक वर्माने सप्टेंबर २०२५ मध्ये दुबईला आशिया कपच्या फायनलमध्ये ३ बाद २० वरून नाबाद ६९ काढल्या. आणि तन्झीम? १५ सप्टेंबर २०२३ ला, त्याच प्रेमदासावर, त्याची पहिली वनडे. समोर भारत. रोहित शर्मा शून्यावर गेला, तिलक वर्मा ५ वर, दोन्ही विकेट तन्झीमच्या. शेवटचं षटकही त्यानेच टाकलं आणि बांगलादेश ६ धावांनी जिंकलं. चार वर्षं आणि एक दिवस. हिशोब असा चुकता होतो कधी कधी. सगळ्यांचाच होतो असं नाही. त्या २२ मुलांमधल्या काहींची नावं पुढे फारशी ऐकूच आली नाहीत.

आता घरच्या गोष्टीकडे येतो.

माझा भाचा तेरा वर्षांचा आहे. डोंबिवलीहून आठवड्यातून तीन दिवस कोचिंगला जातो. लेगस्पिन टाकतो, बॅटिंगला नवव्या-दहाव्या नंबरवर. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी त्याची चौदा वर्षांखालच्या मुलांची एक मॅच होती. आदल्या रात्री सडकून पाऊस. सकाळी मैदानावर गोण्या टाकून पाणी टिपत होते, बोलर धावतात तिथे लाकडाचा भुसा पसरला होता. त्यांचा स्कोअरर आला नाही, तेव्हा कोच म्हणाले, "काका, तुम्हाला येतं का लिहिता?" काका! पण लिहायला बसलो. इतक्या वर्षांनी ठिपके द्यायला काय मजा आली म्हणून सांगू.

समोरचे ७१ वर ऑल आउट. आमचे ६७. चार धावांनी हरलो. भाचा नाबाद ८. एकतीस चेंडू खेळला, आठ धावा सगळ्या एकेरी, तेवीस ठिपके. हे मी पाठ म्हणून सांगू शकतो, कारण माझ्याच हाताने लिहिलंय. त्यातला एक चेंडू त्याच्या कोपरावर बसला होता, तीन अचानक खाली राहिले आणि त्याने बॅट अगदी जमिनीला टेकवून थांबवले. शेवटचा गडी बोल्ड झाला तेव्हा तो दुसऱ्या टोकाला होता.

दोन दिवसांनी गणपतीला सगळे जमले. मोदक खाता खाता कुणीतरी विचारलं, "काय रे, मॅच होती ना? किती काढल्या?"

"आठ."

"एवढ्याच?"

आणि सगळे हसले. वाईट हेतूने कुणीच नाही, हे मला माहीत आहे. दुसऱ्या कुणीतरी लगेच १००९ चा विषय काढला, कल्याणचा मुलगा म्हणजे आपल्या जवळचाच ना, वगैरे. भाचा ताट घेऊन आत गेला. आठवड्याने बहिणीचा फोन, "अरे, हा म्हणतोय कोचिंग बंद करायचं. काही सांगत नाही. तू बोलून बघतोस का?"

मी गेलो. उपदेश करायचा नाही असं ठरवूनच गेलो होतो, तेरा वर्षांच्या मुलाला उपदेशाचा वास लांबूनच येतो. बरोबर त्याच्या मॅचच्या स्कोअरशीटची झेरॉक्स होती. ती टेबलावर ठेवली आणि लॅपटॉपवर कोलंबोचं स्कोअरकार्ड उघडून दिलं. म्हटलं, वाच.

तो बराच वेळ वाचत होता. मग म्हणाला, "मामा, हा रकीबुल पण पलीकडेच राहिला."

"हो."

"मग त्याला टीममधून काढलं?"

मी पॉचेफस्ट्रूमचं स्कोअरकार्ड उघडलं. तो एकेक ओळ बोट फिरवत खाली आला. ९ नाबाद, २५ चेंडू. मग माझी झेरॉक्स ओढून घेतली, आपल्या ओळीवर बोट ठेवलं आणि मनातल्या मनात काहीतरी भागाकार केला.

"म्हणजे माझ्यापेक्षा थोडासाच फास्ट," तो म्हणाला.

"वर्ल्ड कपची फायनल आहे ती," मी म्हटलं.

"माझ्या विकेटवर खेळला असता तर कळलं असतं त्याला!"

त्या वाक्याला मी जो काही हसलोय, बहीण स्वयंपाकघरातून बघायला आली. त्यानंतर अर्धा तास तो मला त्या एकतीस चेंडूंपैकी एकेक सांगत होता. कुठला थांबून आला, कुठला उडाला, कोपरावरचा कसा लागला, बोलरचं मनगट बघून त्याला काय कळायला लागलं होतं, शेवटच्या गड्याला त्याने मधल्या विकेटवर जाऊन काय सांगितलं होतं आणि त्याने नेमकं त्याच्या उलट कसं केलं. हे सगळं त्याच्या पोटात आठवडाभर होतं. कुणी विचारलंच नव्हतं. "किती काढल्या" या प्रश्नाला "आठ" एवढंच उत्तर येतं, त्यात हे मावत नाही.

पुढच्या रविवारी तो नेटला गेला. अजून जातोय. पुढे किती खेळेल, कुठवर जाईल, मला काहीच कल्पना नाही आणि त्याची घाईही नाही. कदाचित दहावीत सोडूनही देईल, बहुतेक मुलं सोडतात. पण सोडायचंच असेल तर ते अभ्यासासाठी सोडावं, कंटाळा आला म्हणून सोडावं. मोदकाच्या ताटावरच्या एका "एवढ्याच?" साठी नको.

तर नातेवाईक मंडळी, आता ती विनंती. या वर्षी गणपतीला आपण पुन्हा भेटूच. भाचाही असेल. त्याची मॅच झाली असेल तर जरूर चौकशी करा, त्याला आवडतं. फक्त पहिला प्रश्न बदला. "विकेट कशी होती रे?" असं विचारा.

आणि विचारलंत, तर पुढचा अर्धा तास मोकळा ठेवा.